तिसरी पुकार

या, जवळ या. दारात उभे आहेत त्यांनीही आत सरकावं, बाकावर जागा आहे. मागल्या खेपेला आपण एलिंगदादाला राजधानीत सोडून आलो, छातीवर परदेशी पदक आणि मागे टाळ्या वाजवणारे विद्यार्थी. आज त्याला घरी आणायचं आहे, स्क्रेदे या त्यांच्या शेतावरच्या जेवणघरात, सख्ख्या माणसांपुढे. ही कथा पदकाच्या कथेपेक्षा मोठी आहे. आधीच सांगून ठेवतो, हिच्यात राग फार आहे आणि मी तो गाळणार नाही. प्रार्थनाघरात आपण शांतीची गाणी गातो ती खरीच, पण गळा आवळून धरलेल्या माणसाला गाता येत नाही. आधी गळा मोकळा व्हावा लागतो.

तर जून महिना, शनिवार. गुनवोर सकाळपासून चुलीपाशी उभी होती. आंबट सायीची लापशी ढवळणाराला जागचं हलू देत नाही. तूप सुटून वर तरंगेपर्यंत लाकडी डाव थांबवायचा नाही, नाहीतर तळ लागतो. गुनवोर ढवळत होती, पण दर वर्षीसारखी गुणगुणत नव्हती. तीस वर्षं प्रार्थनाघरात गाणं तिनंच उचलायचं असा रिवाज. ती पहिला सूर लावी आणि मग साठ गळे त्याच्यामागून चढण चढत. पंचावन्न वर्षांची, बिनलग्नाची, अंगणापलीकडच्या लहान घरात एकटी राहणारी. थोरला एलिंग, मधली ही, धाकटा शुगुर, अशी ती तीन भावंडं. एलिंगची पाठराखीण म्हणून दरीतली माणसं तिला ओळखत. आणि गेले बारा दिवस तिला त्या ओळखीचीच चीड येत होती.

एलिंग कोण हे तुम्ही जाणता, तरी उजळणी करतो. वडील गवत कापताना कड्यावरून पडून गेले तेव्हा तो पंधराचा होता. थोरला म्हणून शेत त्याचं. पण पाद्रीबाबांनी त्याला लॅटिन शिकवलं आणि पोरगं हाताबाहेर गेलं. शेत शुगुरसाठी सोडून तो राजधानीला गेला, तिथून पॅरिसला. परतला तेव्हा मज्जातंतूंच्या रोग्याला या देशात स्वतःची खाट नव्हती. अर्धे वेड्यांत कोंडलेले, अर्धे क्षयवाल्यांच्या खोकल्यात झोपलेले. त्यानं एका इस्पितळाच्या तळघरात, कोळशाच्या कोठीला लागून, बारा खाटा मांडल्या. हत्यारं म्हणाल तर एक रबरी हातोडी, एक टाचणी, थोडा कापूस आणि दोन डोळे. डोळे मात्र असे, की माणूस दारातून खुर्चीपर्यंत चालत आला की याचं अर्धं निदान झालेलं असे.

आपल्या दरीतलं डुलणंही त्यानंच ओळखलं. लुंदेवालच्या घरातली काही माणसं चाळिशीच्या आसपास झुलत चालू लागत, हात कापे, जीभ जड होई. लोक म्हणत, पितात. ज्या दरीत उत्सवालाही कुणी घोट घेत नाही तिथं हा आरोप म्हणजे वाळीत टाकणंच. निल्स लुंदेवालला प्रार्थनाघरातून बाहेर काढला होता. एलिंग सुट्टीत आला, निल्सला जमिनीच्या एका फळीवरून चालवून पाहिलं, गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली, आणि लगेचच्या रविवारी भर सभेत उभा राहून म्हणाला, हा माणूस प्यालेला नाही, याच्या मेंदूच्या मागच्या भागात झीज होते आहे, आणि ती वडिलांकडून मुलाकडे येते. वडीलधाऱ्यांनी निल्सची क्षमा मागितली, त्याला पहिल्या बाकावर बसवलं. त्या दिवशी गुनवोरनं जो सूर लावला तो म्हाताऱ्यांच्या अजून कानात आहे.

मग पुस्तक झालं. त्यासाठी लुंदेवालचा पाच पिढ्यांचा वंश हवा होता. एलिंगनं राजधानीतून पत्र लिहून मागितला आणि गुनवोरनं एक आख्खा हिवाळा दारोदार हिंडून तो लिहून दिला. पुस्तक जर्मनीत गेलं. तिकडचे विद्वान म्हणाले, या आजाराला तुमचंच नाव देऊ, स्क्रेदेचा आजार म्हणू. एलिंग प्रार्थनाघरातला मुलगा. स्वतःचं नाव उंच टांगणं त्याला पाप वाटलं. त्यानं कळवलं, नाव द्यायचंच तर ज्या घरात तो सापडला त्या घराचं द्या. तेव्हापासून जगभर तो लुंदेवालचा आजार झाला, आणि इथे दरीत सगळ्यांनी एलिंगच्या नम्रतेचं कौतुक केलं.

लुंदेवालच्या पोरींना मात्र त्या नम्रतेनंतर कुणी मागणी घालेना.

सत्तावीस वर्षं असं चाललं. योरुन लुंदेवाल तेवीस वर्षांची, शाळेत शिकवणारी. तिच्या थोरल्या बहिणीचं जमलेलं पाच वर्षांपूर्वी मोडलं आणि ती जहाजात बसून शिकागोला निघून गेली. योरुनला तारल मिळाला. खालच्या पुलाजवळचा सुतार, हट्टी, बापाचं न ऐकणारा. मे महिन्यात त्यांच्या लग्नाची पुकार सुरू झाली. लागोपाठ तीन रविवार पाद्री देवळात दोघांची नावं वाचतो, कुणाची हरकत असेल तर ती तेव्हाच निघते. पहिली पुकार झाली, दुसरी झाली. मग सरकारी डॉक्टर पुस्तक काखेत मारून पाद्रीबाबांकडे गेले, वंशाचं पान उघडून योरुनच्या पणज्यावर बोट ठेवलं, आणि वंशात आजार असणाऱ्यांचं लग्न रोखणाऱ्या, राजधानीत झालेल्या नव्या कायद्याच्या चार गोष्टी सांगितल्या. पाद्रीबाबा घाबरट नव्हते, पण कागदापुढे हात टेकले. पुस्तक ज्यांनी लिहिलं त्यांचीच चिठ्ठी आणा, म्हणाले, नाहीतर तिसरी पुकार मला वाचता येणार नाही. तीन आठवडे ती तशीच लटकली. तारलच्या बापानं शेवटची मुदत घातली होती, या रविवारपर्यंत.

योरुन रडत बसली नाही. देवळातल्या जुन्या नोंदवह्या उघडून घेतल्या, आठ दिवस वाचल्या, आणि एक उतारा घेऊन बारा दिवसांपूर्वी गुनवोरकडे आली.

आता नीट ऐका, कारण ही चूक आपल्याच मुलखात होऊ शकते. आपल्याकडे माणसाला नाव शेताचं. शेत बदललं की नाव बदललं. ओनुन म्हणून एक जण होता, एलिंगच्या आजोबांचा सख्खा भाऊ, जन्मानं स्क्रेदे. तो लुंदेवालच्या दाग्ने नावाच्या विधवेशी लग्न करून तिच्या शेतावर राहायला गेला आणि दुसऱ्या दिवसापासून ओनुन लुंदेवाल झाला. दाग्नेला पहिल्या नवऱ्याचा मुलगा होता, ग्रेगार. तोही लुंदेवाल. मग ओनुनची मुलं झाली, तीही लुंदेवाल. डुलणं होतं ते ओनुनच्या मुलांत, नातवंडांत. ग्रेगारच्या वंशात एक माणूस कधी डुलला नाही. आणि योरुन ग्रेगारची पणती.

एलिंगनं पत्रात विचारलं होतं, लुंदेवालांची मुलं कोण कोण. विचारताना त्याच्या मनात होतं रक्त. गुनवोरनं घर समजून उत्तर लिहिलं, कारण दरीत असं विचारलं की घरच सांगतात. सगळी मुलं एका ओळीत आली, त्यांच्यावर एकच बाप, ओनुन. आणि ओनुन कुठून आला हे विचारायचं तिला सुचलंच नाही. नाव लुंदेवाल, म्हणजे तो तिथलाच, असं तिनं धरलं.

डाव फिरवता फिरवता गुनवोर तेच मनात फिरवत होती. चूक माझी. दादाला माहीत नाही. आज त्याला सांगायचं, त्याच्याकडून चिठ्ठी घ्यायची, संध्याकाळच्या आत पाद्रीबाबांकडे पोचवायची. योरुनला तिनं कॉफीच्या वेळेला यायला सांगून ठेवलं होतं. लुंदेवालचं निर्दोषपण म्हणजे स्क्रेदेचा डाग, हेही तिला कळत होतं. ते तिनं देवापुढे ठेवलं होतं आणि देव अजून काही बोलला नव्हता.

एलिंगला भेटायला पाव्हणे संध्याकाळी यायचे होते. दुपारचं पान घरच्यांचंच. एलिंग मेजाच्या टोकाला, एकसष्ट वर्षांचा, पांढरी दाढी नीट कातरलेली. त्याच्या उजवीकडे शुगुर, शेचाळीसचा, दरीतला सगळ्यात रुंद खांद्यांचा माणूस. शुगुरची बायको आनलौग डावीकडे. त्यांची एकुलती मुलगी मार्गित, एकोणीसची, ताटं आणत होती, सुकवलेलं मटण कापत होती, पेले भरत होती. गुनवोरनं प्रार्थना म्हटली. आनलौगनं पदकाबद्दल विचारलं, एलिंगनं दोन वाक्यांत विषय संपवला आणि लापशीची तारीफ केली. शुगुर यंदाच्या गवताबद्दल बोलला. चमचा त्यानं मुठीत धरला होता, लहान मुलासारखा. गुनवोरच्या ते नजरेत आलं आणि तिनं नजर काढून घेतली.

मग तिनं उताऱ्याचा कागद ताटाशेजारी ठेवला.

"दादा, लुंदेवालच्या योरुनची उद्या तिसरी पुकार. पाद्रीबाबांना तुझी चिठ्ठी हवी आहे. जेवण झालं की लिही."

एलिंग म्हणाला, पानावर आजाराच्या गोष्टी नकोत. तिनं ऐकलं नाही. ओनुनचं, दाग्नेचं, ग्रेगारचं सगळं सांगितलं, शांतपणे, शाळेतल्या धड्यासारखं. आणि शेवटी म्हणाली की यात तुझा दोष नाही, तू रक्त विचारलंस आणि मी घर सांगितलं, प्रायश्चित्त घ्यायचं तर मी घेईन.

एलिंगनं कागद वाचला नाही. त्याची घडी घालून तो तिच्याकडे सरकवला.

"मला माहीत आहे, गुन्ना."

"काय माहीत आहे?"

"हेच. दफ्तरखान्यातल्या एका संशोधकानं मला पत्र लिहिलं होतं. ओनुन स्क्रेदेचा होता, ग्रेगार त्याचा मुलगा नव्हे, सगळं. नऊ वर्षं झाली."

तुम्ही कधी उकळत्या पातेल्यावरचं झाकण उडताना पाहिलं असेल. गुनवोरच्या आत तसं काही झालं नाही. तिच्या आत सगळं थंड झालं, आणि त्या थंडीतून राग आला, म्हणून तो जास्त होता. नऊ उन्हाळे हा माणूस या खुर्चीत बसला. नऊ उन्हाळे आपण याच्या नावानं देवाचे आभार मानले. योरुनची बहीण जहाजात बसली त्या वर्षीही हा इथेच होता, बंदरावर निरोपाचं गाणं आपण म्हटलं आणि हा टोपी काढून उभा होता.

पहिल्यांदा आनलौग बोलली, आणि ती दिराच्या बाजूनं बोलली. झालं ते झालं, म्हणाली, भाऊजींनी गप्प राहून घर राखलं. आता चिठ्ठी लिहून काय होणार? लुंदेवालच्या दारातला चिखल आपल्या दारात येणार. सत्तावीस वर्षं त्यांना सवय झालीय, आमच्या मार्गितला नाही. गुनवोर म्हणाली की खोटं बोलून राखलेलं घर देवाचं नसतं. त्यावर आनलौगनं चमचा खाली ठेवला.

"वन्सं, तुम्हाला खरं बोलायला काय लागतं? तुम्हाला पोर नाही."

मार्गित दाराशी कॉफीची किटली घेऊन उभी होती, ती तशीच उभी राहिली.

गुनवोरला वाटलं, आता शुगुर बायकोची बाजू घेईल. शेत त्याचं, नाव त्याचं, मुलगी त्याची. पण शुगुर एलिंगकडे बघत होता.

"दादा, तू का गप्प बसलास?"

"नको, शुगुर."

"मी विचारतोय."

एलिंगची नजर भावाच्या मुठीतल्या चमच्यावर गेली आणि तिथंच राहिली. "तुझ्यासाठी," तो म्हणाला. "तीन उन्हाळे मी तुला अंगण ओलांडताना बघतोय."

शुगुरचं तोंड लाल झालं, मग पांढरं पडलं. तो जेव्हा बोलला तेव्हा आवाज चढलेला नव्हता.

"तीन वर्षं. तीन वर्षं तू माझी चाल वाचतोयस, आणि मला काय सांगितलंस? गुडघ्याला लोकर गुंडाळ. वय झालं की होतं असं. अरे, बाजारात घोडा लंगडत असला तर दलालसुद्धा तोंडावर सांगतो. मी घोड्यापेक्षा हलका?"

एलिंग म्हणाला की या आजाराला औषध नाही, सांगून फक्त झोप गेली असती. शुगुर म्हणाला, झोप गेलेलीच आहे. गेल्या शरदात गवताच्या कड्यावर चढताना पाय कुठे पडतो ते कळेना, तेव्हापासून रोज पहाटे उठून गोठ्यात जाऊन तो एकटा चालून बघतो. कुणाला सांगितलं नाही, कारण डॉक्टर भाऊ म्हणाला होता की काही नाही. आनलौगनं तोंडावर हात ठेवला. तिला माहीत नव्हतं.

"आणि बाबा?" शुगुरनं विचारलं. "कड्यावरून गेले ते?"

गुनवोर तेव्हा नऊ वर्षांची होती. तिला तो दिवस आठवत होता, पाऊस नव्हता, दव नव्हतं, सगळे म्हणाले पाय घसरला. "दिवस कोरडा होता," एलिंग इतकंच म्हणाला.

गुनवोर मनात हिशेब करत होती. गाणाऱ्या माणसाला मात्रा मोजायची सवय असते. तिला एक मात्रा जास्त लागत होती.

"शुगुर डुलायला लागला तीन वर्षांपूर्वी," ती म्हणाली. "पत्र आलं नऊ वर्षांपूर्वी. मधली सहा वर्षं तू कुणासाठी गप्प होतास, दादा?"

मंडळी, एलिंग स्क्रेदे खोटं बोलू शकला असता. एवढं त्याच्या पदरात घाला की तो बोलला नाही.

"पुस्तकासाठी," तो म्हणाला.

मग त्यानं सांगितलं. तळघरातून वर येऊन नवा विभाग तेव्हा कुठे उभा राहत होता. मज्जातंतूंचं वेगळं शास्त्र कशाला, असं म्हणणारे टपून बसले होते. पहिल्याच पुस्तकाचा वंशवृक्ष चुकला म्हटलं असतं तर ते हसले असते, खाटा गेल्या असत्या, विद्यार्थी गेले असते. वर्षभर थांबू म्हणाला, मग दुसरं वर्ष. शेकडो रोगी त्या खाटांवर बरे झाले किंवा निदान माणसासारखे मेले. हे सगळं खरं होतं, आणि म्हणूनच गुनवोरला ते ऐकवेना. खरं बोलून त्यानं खोट्याला टेकू दिला होता.

"तुला तुझं नाव उंच नको होतं," ती म्हणाली. "किती गोड वाटलं होतं मला ते. मी प्रार्थनाघरात उदाहरण म्हणून सांगत आले. आणि तू तुझी नम्रता नेऊन त्यांच्या दारात टाकलीस, आणि तिथून उचलली नाहीस, कारण आत आपलीच घाण आहे हे कळलं होतं."

दार उघडलं ते याच वेळी. योरुन आत आली. बोलावलेल्या वेळेला आली होती, एक मिनिट पुढे नाही की मागे नाही. निळा शाळेचा झगा, हातात काही नाही. किती ऐकलं ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. गुनवोर उठू लागली, पण शुगुर आधी उठला.

"बस, पोरी. बरी आलीस, बाहेरचं कुणी तरी हवंच होतं." मग भावाकडे वळला. "दादा, लुंदेवालच्या प्रत्येकाला तू फळीवर चालवलंस. मला चालव."

एलिंग म्हणाला की गरज नाही. शुगुर म्हणाला, तुला नाही, मला आहे. आनलौग त्याचा हात धरायला गेली, त्यानं हात सोडवून घेतला. मेजापासून दारापर्यंत जमिनीची एक रुंद फळी जाते, ती त्यानं निवडली, तिच्या टोकाला उभा राहिला आणि वाट बघू लागला, जसा निल्स उभा राहिला असेल, जसे ते सगळे उभे राहिले असतील.

आणि एलिंगच्या तोंडून, सवयीनं, ते शब्द बाहेर पडले. "टाच पुढच्या पायाच्या बोटांना लावून. नजर समोर."

पहिलं पाऊल पडलं. दुसरं पडलं. तिसऱ्याला तो डावीकडे कलला आणि हात पसरले. चौथं फळीबाहेर गेलं. पाचव्याला तो कपाटावर आदळला, आतल्या बशा वाजल्या. मार्गित पुढे झाली तसा तो म्हणाला, कुणी हात लावायचा नाही. कपाट धरून वळला, परत टोकाला गेला, परत चालला. तीनदा. तिसऱ्यांदा तो गुडघ्यांवर पडला, आणि तिथूनच, जमिनीवरून, वर बघून हसला. ते हसू बघवत नव्हतं.

"काय म्हणतात याला, प्रोफेसर? तू तर सुटलास. चाळिशी ओलांडून वीस वर्षं झाली तुला. तुझं नाव तरी कामाला येऊ दे."

एलिंगनं कागद मागितला. मार्गितनंच आणून दिला. त्यानं लिहिलं की योरुन लुंदेवाल हिच्या रक्तात हा आजार नाही आणि कधी नव्हता, पुस्तकातलं पान चुकीचं आहे, ते आपल्याला नऊ वर्षं माहीत होतं. गुनवोर पाठीमागे उभी राहून वाचत होती. तिथं तो थांबला तसं ती म्हणाली, आजाराचं नाव राहिलं. त्यानं मान वर केली. मग लिहिलं, हा आजार स्क्रेदेच्या घरातून लुंदेवालला गेला, आणि यापुढे त्याला स्क्रेदेचा आजार म्हणावं. जर्मन विद्वानांना जे नाव हवं होतं तेच. खाली सही केली तेव्हा स्क्रेदे हा एकच शब्द लागोपाठ दोन ओळींत आला.

योरुननं कागद घेतला, शाई वाळेपर्यंत हवेत धरला. आभार मानले नाहीत. दारापर्यंत जाऊन वळली.

"तुम्ही मला काही दिलेलं नाही, डॉक्टर," ती म्हणाली. "हे माझंच होतं." आणि मग, "माझ्या बहिणीला मी कळवीन. तिला तिकडे दुसरं नाव घ्यावं लागलं होतं."

रविवारी देऊळ भरलं होतं. पाद्रीबाबांनी तिसरी पुकार वाचली आणि त्याआधी चिठ्ठीही वाचली, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत, कारण गुनवोरनं तशीच अट घातली होती. पुस्तक चारचौघांत होतं, तर दुरुस्तीही चारचौघांत. माना वळल्या. आधी लुंदेवालच्या बाकाकडे, मग स्क्रेदेच्या. गाणं सुरू झालं तेव्हा गुनवोरला तोंड उघडता आलं, पण सूर खाली लागला. शेजारचे तिच्यामागून खालच्याच सुरात गायले.

बाहेर अंगणात बायका योरुनभोवती गोळा झाल्या. ज्या सत्तावीस वर्षं त्या घराला वळसा घालत होत्या त्याच आता हात हातात घेत होत्या, आणि योरुन प्रत्येकीचा हात एकदाच दाबून सोडत होती. तारलचा बाप टोपी हातात घेऊन उभा होता. पंचायतीचा एक म्हातारा एलिंगपाशी आला आणि म्हणाला, मोठं मन लागतं, प्रोफेसर, असं लिहायला. एलिंग नुसता मान हलवून उभा राहिला. गुनवोरला वाटलं, याही गोष्टीचं यालाच पदक मिळणार. तिनं म्हाताऱ्याला सांगितलं की मन मोठं नव्हतं, उशीर मोठा होता. मग भावाकडे पाठ केली. त्यानंतर त्या दोघांचं बोलणं कसं तुटलं आणि किती वर्षांनी जुळलं, तो भाग निराळा.

शुगुर गाडीवर चढला होता, आनलौग त्याच्याजवळ, त्याचा हात आता तिनं घट्ट धरला होता आणि त्यानं धरू दिला होता. गुनवोर मार्गितला शोधू लागली. ती दगडी भिंतीशी उभी होती. तिच्या बरोबरीच्या मुली दहा पावलांवर होत्या, आणि ती दहा पावलं काल नव्हती. एका पोरानं तिच्याकडे बघितलं, मग तो आपल्या बुटांकडे बघू लागला. नाव मी सांगत नाही, तुम्ही ओळखाल.

गुनवोर जवळ गेली आणि तिचा हात हातात घेतला. मार्गितनं तो काढून घेतला नाही. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

"आत्या, काल सगळ्यांनी सगळं ठरवलं. योरुनचं, बाबांचं, काकांच्या पुस्तकाचं. मी कॉफी घेऊन तिथंच उभी होते. मला कुणी विचारलं?"

खरं बोललं गेलं होतं, ते बोलायलाच हवं होतं, आणि तरी हा प्रश्न रास्त होता. गुनवोर मुलीशेजारी भिंतीला टेकून उभी राहिली. गाड्या एकामागून एक उतारानं गेल्या.

इथं थांबतो. एलिंग स्क्रेदेचं नाव पुस्तकांत आहे, तुम्ही घेतलं नाहीत तरी राहील. योरुनला तिचं घर मिळालं. शुगुरच्या धाडसाची गोष्ट अजून दरीत सांगतात. पण आज घरी जाल, जेवणाआधी हात जोडाल, तेव्हा घटकाभर मार्गितची आठवण काढा. एकोणीस वर्षांची होती, तिनं काही केलं नव्हतं, आणि त्या खोलीत तिला कुणी विचारलं नाही. तिचं नाव घ्या.